बिघडलेला रेडिओ

आधीच सांगून टाकते, मला माफ करायचा कंटाळा आलाय. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चात, असं बोलत नसतात, ठाऊक आहे मला. पण साठी झाली माझी, आता तरी खरं बोलू द्या.

पिशोरच्या शाळेत पोरं म्हणायची, हे दुधाच्या भुकटीवर बाटलेले. अहो, माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा ती भुकटी गावात यायची होती! पण हे कोणाकोणाला सांगत बसू? पुढं अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, तर तिथं बाया म्हणायच्या, "सारजाबाई, तुम्ही ख्रिश्चन ना, मग तुम्हाला इंग्रजी कसं येत नाय?" नाताळात दारू पिता का, मेल्यावर पेटीत घुसमटत नाय का, आणि यंदा केक कधी आणताय. हसायचं, केक द्यायचा आणि गुमान घरी यायचं. राग येतो म्हणावं तर तसंही नाय. बेजार होतं माणूस.

आता यंदाचं सांगते.

आमचे मालक साहेबराव शहागंजात कापडाच्या दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचे. अडतीस वर्षं तेच काम. "या ताई, आओ भाबी, कटपीस बघून तर जा!" आवाज असा खणखणीत की पार घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जायचा. तोच आवाज रविवारी मंडळीत. पाळकसाहेब दुसऱ्या गावाला गेले की उपासना हेच चालवायचे. प्रार्थनेला उभे राहिले की संपता संपायचे नाय, कारण एकेकाचं नाव घेऊन मागायचे. याची बदली, तिचं बाळंतपण, कोणाचा गुडघा, कोणाची बारावी. मी कोपरानं ढोसलं तरी थांबायचे नाय. आणि मंडळीतून बाहेर आले की कोपऱ्यावर चोरून विडी. ते फक्त मला आणि देवाला ठाऊक.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथून. आवाज गेला तो गेलाच. घरात पाटी आणि खडू आला. दुकानाच्या दारातला माणूस मला पाटीवर लिहून सांगायचा, 'मीठ कमी.'

आम्ही मुकुंदवाडीत राहतो, बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली मधुसूदनराव आणि पद्मजावहिनी. मधुसूदनराव सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, वाचलेला माणूस, बोलण्यात तर कोणाला ऐकायचे नायत. आमच्या खिडकीखाली एक बाक आहे, तिथं संध्याकाळी त्यांचा दरबार भरतो. ऑपरेशनच्या वेळी वहिनींनी आठ दिवस डबा दिला होता. मधुसूदनराव स्वतः स्कूटरवर दवाखान्यात आणून द्यायचे, आणि माझ्या हातात डबा देऊन म्हणायचे, "आधी तुम्ही खा, ते कुठं पळून जात नाहीत." हे मला सांगावंच लागेल, नाय तर तुम्ही त्यांना राक्षस समजाल. राक्षस असते तर लई सोपं झालं असतं.

नाताळानंतर दवाखान्यातून यांना एक यंत्र मिळालं. टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग त्यातून घरघर करत शब्द येतात, एका सुरात, तोडून तोडून. पहिला शब्द यांनी काढला तो माझं नाव. "सार. जा." मी हातातली भांडी तिथंच टाकली आणि ओट्याला धरून रडले.

दवाखान्यातली बाई म्हणाली होती, रोज तासभर बोला, सवय होईल. यांनी पाटीवर लिहिलं, 'देवाशीच बोलतो. तो हसणार नाय.' तवापासून रोज सकाळी सहाला खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि सगळी नावं घेऊन मागणं मागायचे, पहिल्यासारखं. फक्त आवाज तेवढा दुसरा.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी सभा असते. ज्याचं घर, त्या घरधन्यानं शेवटची प्रार्थना करायची, हा रिवाज. आमच्या घराची पाळी चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी होती. यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला खडूनं गोल केला होता. ऑपरेशननंतर चारचौघांत पहिल्यांदा बोलणार होते. मंडळीतले लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, "साहेबरावभाऊ करणार ना प्रार्थना?" मी म्हणायची, "करणार म्हणजे काय! तुम्ही फक्त जेवून या, उशीर होणार."

आणि मग एक दिवस मी भाजी घेऊन येत होते. बाकावर पाच-सहा जण. मधुसूदनरावांनी स्टीलचा पेला तोंडाला लावला होता आणि त्यातून बोलत होते, "हा. ले. लू. या." हुबेहूब. तेच तोडून तोडून बोलणं, तीच घरघर. लोक हसून लोटपोट. मग पेला खाली घेऊन म्हणाले, "यांचा येशू मेलेल्याला उठवतो म्हणे. साहेबरावांचा घसा तेवढा राहून गेला बिचारा! गॅरंटी संपली असेल."

मला बघितलं तसे "मस्करी हो सारजाबाई, मनावर घेऊ नका," म्हणाले. मी हसले. काय सांगू तुम्हाला, मी हसले! साठ वर्षांची आदत. पिशवी घेऊन वर आले आणि पहिलं काम काय केलं, तर खिडकी लावली.

त्यानंतर बिल्डिंगमधली लेकरं जिन्यात "हा. ले. लू. या" करत पळायला लागली. सकाळी हे यंत्र गळ्याला लावायचे की मी उठून खिडकी लावायची. यांनी हातानं विचारलं, का? मी म्हणलं, "धूळ येते." मार्चातला उकाडा, पंखा मोडलेला, आणि मी म्हणते धूळ येते.

मग पाणी यायचा दिवस आला. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली. मी बादल्या लावत होते, हे पिण्याची कळशी घेऊन जिन्यातून वर चालले होते. पद्मजावहिनी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सारजाबाई, सकाळी तुमच्याकडून घरघर येते, कसला आवाज असतो हो?"

आजूबाजूला सात-आठ बाया. सगळ्यांचे कान माझ्याकडं.

"रेडिओ बिघडलाय," मी म्हणलं. "किती सांगितलं यांना दुरुस्त करा म्हणून."

आणि बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र खिडकीपाशी नव्हतं. कपाटात बघितलं तर शालीखाली, डब्यात घालून ठेवलेलं. हे नुसते खुर्चीवर बसलेले. मी विचारलं, तर पाटी उचलली नाय. दोन दिवस गेले, चार गेले, यंत्र काय बाहेर येईना. पाटीवरसुद्धा फक्त 'हो', 'नको'. बुधवार जवळ आला आणि माझ्या डोक्यात आग पेटली. त्या माणसानं हसून हसून माझ्या नवऱ्याचा आवाज दुसऱ्यांदा काढून घेतला! डॉक्टरांनी एकदा काढला तो जीव वाचवायला. यानं कशासाठी काढला? बाकावरच्या चार लोकांनी दात काढावेत म्हणून!

मंगळवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेले. तरणा माणूस, पण तीन गावांच्या मंडळ्या सांभाळून दमलेला. दुपारचे तीन वाजले होते आणि ते तेव्हा कुठं जेवायला बसत होते. मी म्हणलं, "अर्ज लिहून द्या. सोसायटीला एक, पोलिसांना एक. धर्माची थट्टा केली, आजारी माणसाची टिंगल केली, सगळं लिहा."

त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. "लिहितो," म्हणाले.

मला वाटलं होतं क्षमेवर प्रवचन देतील. मी भांडायची तयारी करून गेले होते. म्हणलं, "माफ करा म्हणत नाय का तुम्ही?"

"म्हणून काय उपयोग? तुम्ही आतापर्यंत करतच आलाय." मग म्हणाले, "मावशी, कोणी हसलं की आपण एक तर गप्प बसतो नाहीतर कागद लिहितो. तिसरं काही असेल तर मला अजून सापडलं नाही. पण सही साहेबरावभाऊंची लागेल. हसले ते त्यांना."

अर्ज घेऊन घरी आले. यांच्यापुढं ठेवला, वर पेन ठेवला. म्हणलं, "करा सही. लई झालं आता. तुमचं तोंड त्या मधुसूदननं बंद केलं, त्याला एकदा तरी घाम फुटू दे."

यांनी सगळा कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाटी घेतली आणि लिहिलं, 'मधुसूदनचं काय? दुकानाच्या दारात अडतीस वर्षं लोक हसत होते.'

"मग यंत्र कपाटात का ठेवलं?"

यांनी हाताच्या तळव्यानं पाटी पुसली. सावकाश लिहिलं, दुकानाच्या पाटीवर लिहायचे तशा मोठ्या अक्षरात.

'रेडिओ बिघडला म्हणालीस. म्हणून बंद ठेवला.'

देवा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यात कळशी घेऊन उभे होते ते. सगळं ऐकलं होतं. मी काहीतरी बोलायला गेले, की बाया होत्या, की तसं नव्हतं, की तुमच्यासाठीच म्हणलं. यांनी हात वर केला, राहू दे म्हणून. रागानं नाय केला. थकलेल्या माणसानं करावा तसा केला, आणि तेच मला सहन झालं नाय.

येशूला धरून नेलं तवा शेकोटीजवळ उभं राहून, मी त्याला ओळखत नाय म्हणणारा तो शिष्य आम्ही दर वर्षी याच दिवसांत ऐकतो. दर वर्षी मी मनात म्हणायची, काय भित्रट माणूस! एका मोलकरणीनं विचारलं तर टरकला. आणि मला तर एका गुडघे दुखणाऱ्या बाईनं विचारलं होतं, नळावर, दिवसाढवळ्या. मधुसूदनराव एका संध्याकाळी हसले. खिडकी मी रोज लावत होते.

अर्जाची घडी घालून मी डाळीच्या डब्याखाली ठेवली. यांनी सही केली नाय आणि मी परत मागितली नाय.

बुधवारी दुपारी खाली गेले. मधुसूदनराव झोपले होते. पद्मजावहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. मला बसा म्हणाल्या, मी बसले नाय, बसले असते तर बोलता आलं नसतं.

"वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले. रेडिओ नव्हता. आमचे मालक होते. यंत्र लावून प्रार्थना करतात ते."

वहिनींनी मेथीची काडी मोडली. "मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"अहो, रेडिओ कधी 'पद्मजावहिनींच्या गुडघ्याला आराम दे' म्हणतो का? रोज सहाला मी अंथरुणात ऐकते. आधी मला काही कळत नव्हतं, मग हळूहळू शब्द लागायला लागले. त्या दिवशी मुद्दाम विचारलं. म्हटलं तुम्ही सांगाल, मग सगळ्यांसमोर म्हणता येईल की माझं नाव घेतात म्हणून. ह्यांच्या कानावरही गेलं असतं." मग मेथीकडं बघत म्हणाल्या, "आठ दिवस झाले, आवाज येत नाही. गुडघा तसाच आहे, पण सकाळी चुकल्यासारखं होतं."

मी म्हणलं, "आज सातला आमच्याकडं सभा आहे. या." त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाय म्हणून, कळलं नाय. नवऱ्याबद्दल एक शब्द बोलल्या नायत. मीही विचारलं नाय.

वर येऊन मी कपाट उघडलं, शाल बाजूला केली, यंत्र काढलं आणि चार्जिंगला लावलं. हे खुर्चीतून बघत होते. मी म्हणलं, "खाली सांगून आले. पद्मजावहिनींना. खरं काय ते." यांनी पाटी उचलली नाय, काही केलं नाय. मला वाटलं, गेलं आता. एकदा नाकारलेला माणूस आठ दिवसांनी हाक मारली म्हणून येतो व्हय?

सातला मंडळी आली. पंधरा-सोळा माणसं आमच्या एवढ्याशा खोलीत, चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत. गाणी झाली, वाचन झालं. पद्मजावहिनी आल्या नव्हत्या. पाळकसाहेब चार शब्द बोलले आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांना यंत्राचं ठाऊक होतं, यंत्र बंद असल्याचंही ठाऊक होतं. हळूच म्हणाले, "मावशी, शेवटची प्रार्थना मी केली तर चालेल ना?"

मला हो म्हणायचं होतं. खरं सांगते, मला हो म्हणून मोकळं व्हायचं होतं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उठले होते. यंत्र हातात. गळ्याला टेकवलं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाय मिटले.

"हे. प्रभू."

आणि खालून बाकावरून लगेच कोणीतरी, "हे. प्रभू." मागोमाग हसणं. तो मधुसूदनरावांचा आवाज होता की दुसऱ्या कोणाचा, मला आजतागायत ठाऊक नाय.

हे थांबले. यंत्र गळ्यालाच, पण बटणावरचा अंगठा उचललेला. आणि ते माझ्याकडं बघत होते. खालच्या माणसांकडं नाय, पाळकसाहेबांकडं नाय, माझ्याकडं. कारण मी उठले होते. कधी उठले, कळलंच नाय. पाय आपोआप खिडकीकडं गेले होते आणि हात कडीवर होता.

खोलीत सगळ्यांचे डोळे मिटलेले. आम्ही दोघंच बघत होतो एकमेकांकडं.

खिडकीचं एक दार उघडं होतं. दुसरं दोन वर्षांपासून गंजून बंद होतं. मी कडी काढली आणि खांद्यानं ते दुसरं दार ढकललं. करकरलं, पण उघडलं. खाली बाकावरचे तीन-चार चेहरे वर झाले. मी तिथंच उभी राहिले, त्यांना दिसेल अशी. लाज वाटत होती का? व्हय, वाटत होती. लई वाटत होती. पण उभी राहिले.

यांनी अंगठा दाबला.

मग एकेक नाव आलं. तोडून तोडून, घरघरत. कोणाची बदली, कोणाची बारावी, नळाचं पाणी. "पद्मजा. वहिनींचा. गुडघा." त्यानंतर "मधुसूदन. भाऊंची. शुगर." खालचं हसणं कधी थांबलं ते मी ध्यानात ठेवलं नाय. मधे एकदा परत कोणीतरी पेल्यातून बोलावं तसं बोललं. हे त्याला थांबले नायत. मी कोपरानं ढोसायला जवळ नव्हते, त्यामुळं पाऊण तास चाललं.

आणि अगदी शेवटी, आमेनच्या आधी, हे म्हणाले, "आमच्या. घरचा. रेडिओ. चालू. झाला. तुझे. आभार."

"आमेन!" सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली. एकीनं तर डोळे पुसले.

चपला शोधायच्या आधी पाळकसाहेब मला म्हणाले, "कोणता रेडिओ हो मावशी? तुमच्याकडं रेडिओ आहे मला माहीतच नव्हतं."

खिडकी सताड उघडी. मी यांच्याकडं बघितलं, तर हे छताकडं बघत होते, लबाड माणूस.

"रेडिओ नाय, पाळकसाहेब," मी म्हणलं, जरा मोठ्यानं, खाली जाईल इतक्या आवाजात. "हेच होते. माझ्या नवऱ्याचा आवाज आहे हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून नळावर सगळ्यांसमोर रेडिओ बिघडलाय म्हणलं. प्रार्थना करत होते ते."

माझे पाय दुखत होते, पाठ दुखत होती, मला फक्त बसायचं होतं. यांनी यंत्र परत गळ्याला लावलं.

"सार. जा," यांचा आवाज खोलीतून, खिडकीतून, पार बाकापर्यंत गेला. "सगळ्यांना. चहा. ठेव."